एक जादा लेकरू

बुलढाणा जिल्ह्यातून रेल्वे जाते, पण बुलढाण्याला जात नाही, ही गोष्ट वसईहून निघताना कोणी सांगत नाही; आणि सांगितली असती तरी सेवाभावाचा पहिला उमाळा अंगात असलेल्या माणसाला असले भौगोलिक तपशील ऐकू येत नाहीत. मुंबई-नागपूर लोहमार्ग मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव असा जिल्ह्याच्या सखल भागातून निघून जातो आणि जिल्ह्याचे ठाणे मात्र अजिंठ्याच्या डोंगरावर थंड हवा खात स्वस्थ बसलेले असते. खामगाव-जालना मार्गाची मागणी शंभर वर्षांहून जुनी आहे, आणि तिच्याविषयी इथली माणसे इतक्या जिव्हाळ्याने बोलतात की, तो मार्ग उद्या खरोखरच झाला तर बोलायला काय उरेल, अशी मला काळजी वाटली. तूर्त मलकापूरला उतरावे, मोताळ्याकडून जाणारी एस. टी. धरावी, आणि राजूर घाटाच्या वळणांवर शेजारणीचे गाठोडे आपल्या मांडीवर आणि आपले डोके खिडकीच्या गजावर आपटू द्यावे, हाच राजमार्ग.

मी निघाले होते ती मुलांच्या उन्हाळी शिबिरात स्वयंसेविका म्हणून. हा सारा मुलूख अमरावतीच्या कॅथलिक धर्मप्रांतात मोडतो, जो १९५५ साली स्थापन झाला. इथे आमची माणसे पिठात मीठ टाकावे इतकी, आणि शिबिरातली बहुसंख्य लेकरे हिंदू, बौद्ध, मुसलमान घरांतली. वसईत चर्चच्या घंटेवर घड्याळ लावणाऱ्या मला हा अनुभव नवा होता. फ्रान्सिस झेवियर यांनी १५४२ साली गोव्यात हातात घंटा घेऊन रस्तोरस्ती मुले गोळा केली, डॉन बॉस्को यांनी तुरीन शहरातल्या पोरांना जादूचे प्रयोग करून दाखवले, अशी संतचरित्रे मी घोकून आले होते. पण गोळा केलेली मुले मोजली कोणी, त्यांच्या चपला कुठे ठेवल्या आणि भांडणांचा निवाडा कोणत्या कचेरीत झाला, याविषयी चरित्रकारांनी अवाक्षर काढलेले नाही, हे माझ्या ध्यानात आले ते शिबिराच्या दारात.

शिबिरप्रमुख सिस्टर मूळच्या केरळातल्या; परंतु इतकी वर्षे इथे काढल्यामुळे त्यांची वऱ्हाडी अशी अस्खलित की माझे वसईचे मराठी ऐकून त्यांनीच मला पहिल्या संध्याकाळी दोनदा, ‘समजेल असं बोल ना व,’ असे सुनावले. बालमनांवर कोणते संस्कार करावेत याविषयीचे माझे टिपण त्यांनी चष्मा वर करून शांतपणे वाचले, घडी करून परत दिले, आणि म्हणाल्या, “आत्मे देव मोजते, पोरी. तू चपला मोज.” अशा रीतीने माझी नेमणूक झाली. साठ लेकरांच्या एकशेवीस चपला, त्यांतल्या बहुतेक एकाच निळ्या रंगाच्या, आणि दर सकाळी डाव्या पायाच्या चार-पाच नेहमीच बेपत्ता. मी पांढऱ्या ऑइलपेंटने प्रत्येक चपलेवर आकडे घातले, व्हरांड्यात जुन्या बाकावर दफ्तर थाटले, आणि पुढे मामलेदाराच्या इतमामाने फिर्यादी ऐकू लागले. फिर्यादी, प्रतिवादी, साक्षीदार आणि मुद्देमाल सगळेच एका वेळी बोलत असल्यामुळे न्यायदानात थोडी अडचण येई, एवढेच.

भांडणे धर्मावरून होतील अशी एक धास्ती मी वसईहून बरोबर आणली होती, जशी दोन डझन सुकेळी आणली होती. दोन्ही सारखीच निरुपयोगी ठरली. उन्हात वाळवून पानात बांधलेली ती आमची तपकिरी केळी एका मुलीने दोन बोटांत धरून, उजेडाकडे करून नीट पाहिली आणि अत्यंत सहानुभूतीने म्हणाली, “ताई, केळं वाळून गेलं तुमचं.” राहिला धर्म. त्याविषयी इथे कोणाचा वाद नव्हता. वाद होता तो घाटाचा. या जिल्ह्यात मनुष्य प्रथम घाटावरचा किंवा घाटाखालचा असतो, मग बाकीचे सर्व. पूर्वेच्या व पश्चिमेच्या चर्चमध्ये १०५४ साली पडलेली फूट मी पुस्तकात वाचली होती. तिचे जिवंत स्वरूप मला भोजनगृहात, पाण्याच्या पिंपाशी पाहायला मिळाले. घाटाखालच्या पक्षाकडे शेगाव, म्हणजे गजानन महाराजांची समाधी, शिवाय कचोरी आणि रेल्वे. घाटावरच्यांकडे सिंदखेडराजा, म्हणजे साक्षात जिजाऊंचे जन्मस्थान, शिवाय लोणार आणि गार वारा. दोन्ही बाजू इतक्या तुल्यबळ की निकाल देणारा न्यायाधीश अद्याप जन्मला नसावा.

एके दिवशी प्रार्थनेनंतर सात वर्षांचे एक गृहस्थ पवित्र मरियेच्या मूर्तीपुढे हात जोडून उभे राहिले आणि मला विचारते झाले, “ताई, हे माय कोन्या गावची व?”

“नाझरेथची,” मी म्हणाले.

“थे घाटावर येते का घाटाखाली?”

नाझरेथ डोंगरात वसलेले आहे. सत्य सांगणे मला भाग होते आणि ते मी सांगितले, तेव्हा घाटावरच्या पक्षाने जो जल्लोष केला, त्याने स्वयंपाकघरातल्या मावशी हातातल्या उलथन्यासकट बाहेर आल्या. घाटाखालची मंडळी इतकी हिरमुसली की दुपारच्या खेळावर बहिष्काराची भाषा निघाली. अखेर सिस्टरांनी मध्यस्थी केली: येशूचा स्नानसंस्कार यार्देन नदीत झाला, आणि ती नदी तर पार खाली, समुद्रसपाटीच्याही खाली वाहते. तह झाला. ईश्वरशास्त्राच्या वर्गात ही युक्ती मला कोणी शिकवली नव्हती.

शिबिराच्या उत्तरार्धात सहल निघाली ती लोणारला. चिखली, मेहकर मार्गे बस जात असताना मी हजेरीपट छातीशी धरून बसले होते. लोणारचे ते विवर, कठीण काळ्या पाषाणात उल्केच्या आघाताने पडलेले, सुमारे पावणेदोन किलोमीटर व्यासाचे, तळाशी खाऱ्या पाण्याचे सरोवर असलेले, पाहून कोणीही अंतर्मुख व्हावे. आइने-अकबरीच्या कर्त्यानेसुद्धा त्याची नोंद घेतली, पण तिथल्या द्रव्यांपासून काच आणि साबण होतो व त्यावर सरकारला महसूल मिळतो, या अंगाने. त्या दिवशी मला त्या दरबारी लेखकाविषयी विलक्षण आपुलकी वाटली. पृथ्वीवर आकाश कोसळले तरी हिशेब कोणीतरी ठेवावाच लागतो. मुलांनी उल्केची हकिकत ऐकून घेतली आणि लवणासुराला विष्णूने इथेच मारले, ही आपली हकिकत मला ऐकवली. दोन्ही पक्ष प्रथमच एकमताचे होते.

परत निघताना मी शिरगणती केली. एकसष्ट.

शंभर मेंढरांतले एक हरवले तर नव्याण्णव सोडून त्याच्या शोधात जावे, असा शुभवर्तमानाचा दाखला आहे. परंतु एक मेंढरू जास्त भरल्यास मेंढपाळाने काय करावे याविषयी चारही शुभवर्तमानकार मौन पाळतात. पुन्हा मोजले. एकसष्ट. “तो आमचाच हाय,” अशी ग्वाही प्रत्येकाने प्रत्येकाविषयी दिली. तेव्हा मी माझे ब्रह्मास्त्र काढले: ज्याच्या चपलेवर आकडा नाही, तो परका. सर्वांनी पाय पुढे केले. एका पोराच्या डाव्या चपलेवर तेवीस होता आणि उजवी कोरी. त्याच्या शेजारी उभ्या असलेल्या आमच्या खऱ्या तेविसाव्याचीही उजवीच तेवढी आकड्याची. दोस्तीखातर दोघांनी अदलाबदल केली होती, आणि त्या एका व्यवहाराने माझे सारे दफ्तर निकालात काढले.

चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे: सदर इसम लोणारचाच, दैत्यसूदनाच्या देवळाजवळ आमच्यात मिसळला, आणि सकाळपासून आमच्या मुलांना वाट दाखवीत होता. सरोवराचे पाणी २०२० साली गुलाबी झाले, ते आपण स्वतः काठावर उभे राहून पाहिले, असे तो स्वतःच्या वयाची भीडमुर्वत न ठेवता सांगत होता. सिस्टरांनी त्याच्याकडे पाहिले, खिचडीच्या पातेल्याकडे पाहिले, आणि मला म्हणाल्या, “काहून मोजून राहिली? ताट वाढ.” त्याने दोनदा खिचडी घेतली, लोणच्याबद्दल नापसंती दर्शवली, चप्पल मात्र परत केली नाही, आणि बस सुटायच्या आत, मायनं बलावलं, असे सांगून निघून गेला.

हजेरीपटात त्या तारखेला हजर एकसष्ट आणि जेवणारे एकसष्ट अशीच नोंद आहे. वरिष्ठांकडून अद्याप खुलासा मागवण्यात आलेला नाही.