फ्लोचार्ट काढण्याची शास्त्रोक्त पद्धत

कंपनीत कामाचा खोळंबा होऊ लागला, की दोन उपाय असतात. एक, खोळंबा दूर करणे. दुसरा, खोळंब्याचा फ्लोचार्ट काढणे. पहिल्याने माणसे दुखावतात आणि दुसऱ्याने भिंत सजते; म्हणून सुज्ञ व्यवस्थापन नेहमी दुसरा निवडते. भोसरी, अंबड, वाळूज अशा कुठल्याही एमआयडीसीतल्या मध्यम कारखान्याला चालेल असे मार्गदर्शन पुढे दिले आहे.

उदाहरणाला खरेदी घेऊ. एका मोटरचे ६२०५ नंबरचे बेअरिंग गेले आहे. आतला व्यास २५ मिलिमीटर, बाहेरचा ५२, जाडी १५. बेअरिंगच्या कुठल्याही दुकानात दोन-तीनशे रुपयांना मिळणारी वस्तू. ती कारखान्यात येते कशी, एवढेच कागदावर दाखवायचे आहे.

पायरी १ : खुणा पाठ कराव्यात

सुरुवात आणि शेवट यांना लंबगोल, कृतीला आयत, निर्णयाला शंकरपाळे. शंकरपाळ्यात प्रश्न असा लिहावा, की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असेच येईल, आणि दोन्ही उत्तरांचे बाण कुठेतरी पोचले पाहिजेत. ‘मंजूर आहे का?’ या प्रश्नाला आपल्याकडे ‘बघू’ हे तिसरे उत्तर असते आणि बरीचशी कामे त्याच वाटेने जातात. त्या वाटेला बाण काढू नये. चित्र बिघडते.

पायरी २ : समिती नेमावी

समितीत प्रत्यक्ष काम करणारे कोणी नसावे. त्यांना फार माहिती असते, त्यामुळे बैठक लांबते. खरेदीप्रमुख, लेखाप्रमुख, गुणवत्ताप्रमुख आणि बाहेरचा एक सल्लागार पुरे. स्टोअरच्या काकांना बोलावू नये; ते इकडे आले तर तिकडे माल कोण देणार?

फ्रँक आणि लिलियन गिलब्रेथ या अमेरिकन दांपत्याने १९२१ साली यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेपुढे कामाच्या प्रक्रियेचे तक्ते मांडले. फ्लोचार्टचे घराणे तिथून सुरू होते. हा फ्रँक मूळचा गवंडीकाम शिकलेला. एक वीट रचताना होणाऱ्या १८ हालचाली त्याने पाचाच्या आसपास आणल्या, त्या विटांपाशी उभे राहून, बघून बघून. ही सवय आपल्याला परवडणारी नाही. शॉपफ्लोअरवर एसी नसतो.

पायरी ३ : वाट पाहणे दाखवू नये

त्याच अभियंत्यांच्या संस्थेने १९४७ साली पाच खुणा प्रमाण ठरवल्या : कृतीला वर्तुळ, वाहतुकीला बाण, तपासणीला चौकोन, साठवणीला त्रिकोण आणि खोळंब्याला रोमन लिपीतला डी. यातला डी अत्यंत धोकादायक आहे. सही करायला चार सेकंद लागतात आणि कागद सहीसाठी ट्रेमध्ये दोन दिवस पडून असतो. आयताशेजारी चार सेकंद लिहिले तर कोणाची हरकत नाही. पण दोन आयतांच्या मध्ये डी काढून ‘दोन दिवस’ असे लिहिले, की ट्रे कोणाचा हा प्रश्न निघतो. तेव्हा बाण सरळ, आखूड आणि बिनवेळेचे ठेवावेत. बाण पाहून वाटले पाहिजे, की कागद धावतच गेला.

पायरी ४ : पट्टे आखावेत

गिअरी रमलर आणि ॲलन ब्राश यांच्या १९९० च्या पुस्तकापासून स्विमलेनची पद्धत रूढ झाली. प्रत्येक विभागाला एक पट्टा आणि ज्याचे काम त्याच्या पट्ट्यात. मूळ हेतू असा, की बाण एका पट्ट्यातून दुसऱ्यात जातो तिथेच काम अडकते, हरवते आणि ‘आमच्याकडून तर केव्हाच गेले’ हे वाक्य जन्माला येते. म्हणून लक्ष त्या रेषांवर ठेवावे. आपण लक्ष पट्ट्यांच्या रुंदीवर ठेवावे. लेखा विभागाचा पट्टा खरेदीपेक्षा अरुंद दिसला तर बैठक पुन्हा घ्यावी लागते. एखाद्या विभागाच्या पट्ट्यात काहीच नसेल, तर ‘माहितीस्तव प्रत’ असा एक आयत देऊन त्यांचा मान राखावा.

पायरी ५ : खऱ्या रस्त्यापासून दूर राहावे

आता आपला चार्ट तयार आहे : इंडेंट म्हणजे मागणीपत्र, तीन कोटेशने, तुलनात्मक तक्ता, मंजुरी, पीओ म्हणजे खरेदीचा आदेश, गेट एन्ट्री, तपासणी, जीआरएन म्हणजे माल मिळाल्याची नोंद, मग बेअरिंग. नऊ आयत, तीन शंकरपाळी. देखणा ऐवज.

कारखान्यात घडते ते असे. दुपारी दोनला मोटर बंद पडते. फिटर जुने बेअरिंग फडक्यात गुंडाळून काकांच्या टेबलावर ठेवतो. काका ग्रीस पुसून नंबर वाचतात आणि फोन लावतात. “शेठ, बासष्ट झिरो पाच, दोन नग. पोराला पाठवतोय. बिल आत्ता नको, पीओ आल्यावर करा.” साडेतीनला मोटर सुरू. दुसऱ्या दिवशी काका निवांतपणे इंडेंट भरतात. तीन कोटेशने येतात. त्यातली दोन शेठच दुसऱ्या लेटरहेडवर आणून देतात. मग तक्ता, मंजुरी, पीओ आणि शेवटी, आठवडाभर फिरत असलेल्या बेअरिंगची ‘आवक तपासणी’.

म्हणजे चार्टमधले सगळे आयत बरोबर आहेत, फक्त बाण उलटे आहेत. ही बाब समितीच्या कानावर घालू नये.

पायरी ६ : सुधारणा करावी

चालू पद्धतीच्या चित्राला ‘अ‍ॅज-इज’ आणि सुधारलेल्याला ‘टू-बी’ म्हणतात. पहिल्यावरून दुसरे काढताना प्रत्येक आयताला चार प्रश्न विचारावेत, अशी जुनी शिकवण आहे : हा गाळता येईल का? दुसऱ्यात मिसळता येईल का? क्रम बदलता येईल का? सोपा करता येईल का? प्रश्न चांगले आहेत, पण पहिल्यालाच कोणाचे तरी टेबल गळते.

सहसा सर्वांत कनिष्ठ सभासद इथे घोटाळा करतो. तो म्हणतो, “हजाराच्या आतली खरेदी स्टोअरनेच रोखीने करावी आणि महिनाअखेरीस एकदम हिशेब द्यावा. कागद आणि माल एकाच दिशेने चालतील, सहा आयत जातील.” अशा वेळी त्याचे मनापासून कौतुक करावे आणि सूचनेचा अभ्यास करायला उपसमिती नेमावी. टू-बी चित्रात मात्र एक आयत वाढवावा : ‘तातडीच्या खरेदीसाठी विशेष मंजुरी’. त्यावर सही सर्वांत वरच्या साहेबांची. ते सोमवार ते गुरुवार दौऱ्यावर असतात.

शंका-समाधान

*चार्ट एका पानावर मावत नाही.* छोटे वर्तुळ काढून त्यात ‘अ’ लिहावे आणि पुढच्या पानावर पुन्हा ‘अ’पासून सुरुवात करावी. ‘ज्ञ’ संपेपर्यंत काळजीचे कारण नाही.

*ऑडिटमध्ये अडचण येईल का?* ऑडिटर चार्ट आणि कागद ताडून पाहतो. आपले कागद चार्ट पाहूनच भरलेले असल्यामुळे ते तंतोतंत जुळतात.

*काका निवृत्त झाले तर?* तर कारखाना चार्टप्रमाणे चालवावा लागेल आणि मोटर आठवडाभर बंद राहील. ही आपत्ती टाळण्यासाठी काकांना वेळीच मुदतवाढ द्यावी. मुदतवाढीच्या मंजुरीचा फ्लोचार्ट वेगळा काढावा. काका तोवर येत राहतीलच.