मिठाच्या पाण्यात

मृगाच्या सुमारास दिघोरीच्या अंगणांत बियाण्याची परीक्षा होते. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ विरघळवायचं, त्यात धान ओतून ढवळायचं आणि थोडा वेळ थांबायचं. पोचट बी वर येतं, भरीव तळाशी बसतं. हे आजोबांच्या वाणाचं आहे, काढून टाकलं तर भावना दुखावतील, असं म्हणत तरंगणाऱ्याची बाजू घ्यायला कोणी येत नाही.

विवेकवादी पुस्तकं तरी दुसरं काय सांगतात? पण ती वाचतात बहुधा आधीच पटलेली माणसं. वैज्ञानिक दृष्टिकोन १९७६ पासून घटनेत नागरिकाचं कर्तव्य म्हणून लिहिलेला आहे. न पाळल्यास दंड नाही, म्हणून सगळे निवांत. तुकडोजी महाराजांची ‘ग्रामगीता’ विदर्भात घरोघरी आहे. भोळ्या समजुतींवर त्यांनी चांगलेच कोरडे ओढले आहेत. पुस्तक पाटावर ठेवून फुलं वाहिली, की ते कोरडे लागत नाहीत.

दाभोलकरांचं ‘तिमिरातुनी तेजाकडे’ मी मामाजींना दिलं. त्यांनी आधी ते हातात तोलून पाहिलं. मग मी त्यांना २००८ सालची चाचणी सांगितली. जयंत नारळीकर, दाभोलकर आणि सहकाऱ्यांनी दोनशे पत्रिका जमवल्या, निम्म्या हुशार विद्यार्थ्यांच्या, निम्म्या बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या. एकेका ज्योतिषाला चाळीस दिल्या आणि कोणती कोणाची ते ओळखायला सांगितलं. एक्कावन्न जण पुढे आले, उत्तरं सत्तावीस जणांनीच पाठवली. बरोबर निघाली सेहेचाळीस टक्के. नाणं उडवलं असतं तरी पन्नासच्या आसपास आलं असतं, आणि नाणं दक्षिणा मागत नाही.

मामाजी नाण्याला हसले नाहीत. “धान तर ऐंशी टक्के उगवा लागते,” ते म्हणाले. “सेहेचाळीस टक्क्याच्या बियाण्यावर आपण दुकानदाराले सोडतो का?” थोडं थांबून विचारलं, “आन् बाकीचे चोवीस जण कुठी गेले?”

हा प्रश्न कोणत्याही संशोधकाला शोभला असता. तेवढ्यात आतून मामी आल्या. मामाजींनी पोरीची पत्रिका कालच जुळवायला दिल्याचं त्यांनी सांगून टाकलं.

“मी मानतो थोडीच!” मामाजी म्हणाले. “पोराकडचे मागतात.”

पोराकडचे लाखांदूरचे. त्यांनाही विचारलं, तर मागणी पोरीकडून आली असं सांगतील, अशी मला दाट शंका आहे.