गोळी परवडत नाही? झटक्याची वाट पाहा

आमच्या सोसायटीत ७२ वर्षांचे दोन म्हातारे आहेत. एक बी विंगमधले नाना, केंद्र सरकारचे पेन्शनर. दुसरे गेटवरचे वॉचमन मामा, एमआयडीसीतल्या कारखान्यातून रिटायर. दोघांना बीपी, दोघांचाही डावा गुडघा कुरकुरणारा. गेल्या वर्षी नानांच्या दुखण्यावर ३ लाख खर्च झाले, बहुतेक सीजीएचएसचे, म्हणजे सरकारचे. मामांच्या दुखण्यावर १,२०० रुपये, सगळे मामांचे. आकडे खोटं बोलत नसल्यामुळे मामा नानांपेक्षा अडीचशेपट ठणठणीत आहेत.

या तब्येतीचं रहस्य मी मामांनाच विचारलं. म्हणाले, "गोळी दिवसाआड घेतो. मेडिकलवाला पट्टी कापून देतो." त्यांना ईपीएस-९५ ची पेन्शन आहे, महिना हजार रुपये. २०१४ साली किमान पेन्शन हजारावर आणली, ती तिथून हललेली नाही. मामांचं बीपी इतकं स्थिर असतं तर गोळीच लागली नसती.

सरकारचं लक्ष नाही असं मात्र म्हणू नका. ऑक्टोबर २०२४ पासून सत्तरीपुढच्या कुणालाही, उत्पन्न न विचारता, आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत! मामांनी ते लॅमिनेट करून घेतलं आणि थेट मेडिकल गाठलं. काउंटरवरचा पोरगा म्हणाला, "मामा, हे गोळ्यांना चालत नाही. अ‍ॅडमिट व्हावं लागतं."

म्हणजे पट्टी मामांनी खिशातून घ्यायची. ती चुकवून झटका आला, की पुढचं सरकार बघेल. थोडंथोडं आजारी पडण्याची ही सवय गरिबांनी सोडायला हवी. पडायचं तर एकदाच, भरघोस पडावं.

सरकारी दवाखान्यात गोळी फुकट मिळते, हे खरं. पण रांगेत दिवस मोडतो, हजेरी कापली जाते, आणि फुकटची गोळी विकतच्या पट्टीहून महाग पडते.

विम्याच्या हप्त्यावर ज्येष्ठांना जुन्या करप्रणालीत ५० हजारांपर्यंत वजावटही आहे. मामा तिचा लाभ घेत नाहीत. त्यासाठी आधी करपात्र व्हावं लागतं, आणि तेवढी महत्त्वाकांक्षा त्यांच्यात नाही.

नानांचा गुडघा आता नवा आहे. रोज सकाळी फेरी मारून आले की गेटपाशी थांबून सांगतात, "मामा, चालत जा. चालण्यासारखं औषध नाही."

मामा खुर्चीच्या हातावर भार देऊन उठतात आणि नानांसाठी गेट उघडतात.