दाताखालचा खडा

आमच्या सोसायटीच्या मागे गेली तीन वर्षं एक इमारत उभी राहते आहे. इमारत अजून जोत्याच्या वर आलेली नाही, पण तिच्यासाठी आणलेल्या क्रश सँडच्या ढिगाने मात्र आपली उंची राखली आहे. या ढिगावरून रिमोटची गाडी उडवली की ती दीड-दोन फूट हवेत जाते आणि नीट चारी चाकांवर उतरते, हा शोध माझ्या मुलाने लावला. निदान घरात तसंच सांगायचं आमचं ठरलेलं आहे.

गाडी त्याच्या बाराव्या वाढदिवसाची. ‘एवढी महाग?’ असं बायकोने विचारलं तेव्हा ‘यंत्रांची गोडी लागते’ असं मी म्हणालो होतो. लागलीही. कुणाला, ते विचारू नये.

तर एका रविवारी गाडी ढिगावरून उडाली, झोकात उतरली आणि तिच्या पोटातून ‘कर्रर्र’ असा आवाज आला. मोटर जिवाच्या आकांताने फिरतेय आणि चाकं ढिम्म. अशा कार्यालयात मी तीस वर्षं काढलेली असल्याने निदान जागच्या जागी झालं : मधल्या फळीत काहीतरी तुटलं होतं.

ही मधली फळी म्हणजे दोन गिअर. मोटरच्या दांड्यावर बसतं ते पिनियन, पोलादी, १९ दात्यांचं. ते ज्याला फिरवतं तो स्पर गिअर, प्लास्टिकचा, ८६ दात्यांचा. एक पोलादाचा आणि एक प्लास्टिकचा, हा कंजूषपणा नव्हे. काही अडकलंच तर स्वस्तातला तुटावा आणि मोटर वाचावी, म्हणून केलेली ती सोय. संसारातही दोघांपैकी एकाने मोडतं घ्यावंच लागतं. आमच्या गाडीत ते काम स्पर गिअरकडे आहे. घरात कुणाकडे आहे ते गाडी कुणी लपवून ठेवायची यावरून ओळखावं.

मोटरने मिनिटाला वीस हजार फेरे घेतले तर सेकंदाला सहा हजारांहून अधिक वेळा दात्याला दाता भिडतो. एवढी गाठभेट लग्नाच्या पंगतीतही होत नाही. आणि त्या दात्याची जाडी पुरती एक मिलिमीटरही नाही. त्यात मोहरीएवढा खडा शिरला की पोलाद काही ऐकत नाही आणि खडाही ऐकत नाही.

खडाही साधा नव्हता. नदीची वाळू वाहून वाहून अंगाने गोल झालेली असते. क्रश सँड म्हणजे खाणीतला काळा पाषाण फोडून केलेला चुरा. त्याचे सगळे कोपरे शाबूत असतात. हा पाषाण सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा. म्हणजे ज्याने सह्याद्री उभा केला त्यानेच आमच्या गिअरचे तीन दाते पाडले. नवा गिअर साडेचारशे रुपयांना आणताना मला या गोष्टीचा थोडा मानच वाटला.

‘बाबा, त्याच्यावर कव्हर होतं ना?’ मुलाने विचारलं.

होतं. पारदर्शक, तीन स्क्रूंवर बसणारं, इवलंसं. फिरणारे दाते बघायला छान वाटतात म्हणून ते मीच काढून ठेवलं होतं. कुठे ठेवलं होतं हा प्रश्न त्याने विचारला नाही. समजूतदार मुलगा आहे.

मग मी उपाय सुरू केले. पहिला उपाय ग्रीसचा. दार करकरलं, तेल घाल. शिवणयंत्र अडलं, तेल घाल. या संस्कारांत वाढलेल्या माणसाला दुसरं काय सुचणार? गिअरला श्रीखंडासारखं ग्रीस थापलं. दोन दिवसांत ते काळं पडलं आणि ढिगावरची सगळी बारीक कणी त्यात येऊन चिकटली. गॅरेजवाले व्हॉल्व्ह घासून बसवताना जी पेस्ट लावतात ती याहून फार वेगळी नसते. मी वंगण समजून गिअरला राखुंडी लावली होती.

दुसरा उपाय मी अभ्यास करून केला. जपानच्या शिझुओका शहरातल्या टामिया कंपनीने १९७६ साली पोर्शे ९३४ ही आपली पहिली रिमोटची गाडी काढली आणि १९७९ साली सँड स्कॉर्चर नावाची, थेट वाळूत पळणारी. तिचे गिअर धातूच्या बंद पेटीत होते. मी दुसरीत असताना जपान्यांना जे सुचलं ते मला आज का सुचू नये? शाम्पूची बाटली कापून कव्हर केलं आणि वरून काळी इन्सुलेशन टेप गुंडाळली; मोटरसकट. जपान्यांनी मोटर मात्र पेटीबाहेर, वाऱ्यावर ठेवली होती, हे मी चित्रात नीट पाहिलं नव्हतं. दहा मिनिटांनी मोटरवर बोट ठेवलं आणि तसंच तोंडात घातलं. टेप सोडली तर नव्या गिअरचे दोन दाते गेलेले. चोर बाहेरून आलाच नव्हता; मी त्याला आत घेऊन दाराला कडी घातली होती.

टॉर्च आणि टाचणी घेऊन मी पिनियन कोरत बसलो होतो. समोर आई ताटात तांदूळ निवडत होती. मावळातून मामेभावाने पाठवलेला आंबेमोहोर. वास घरभर आणि खडे मूठभर. ती बराच वेळ माझ्याकडे बघत राहिली.

‘दे इकडे. तुला खडा दिसायचा नाही. तू हे निवड.’

मांडीवर जुना पंचा पसरून तिने गाडी उलटी केली आणि आधी ठोकली. ‘पाखडल्याशिवाय निवडायला बसू नये रे.’ मग कोरडा टूथब्रश. मग माळ्यावरची फुंकणी मागवली आणि एका फुंकरीत माझ्या चष्म्यापर्यंत वाळू पोचवली. शेवटी एकेक दाता अंगठ्याने पुढे सरकवत, जपमाळ ओढावी तशी ती पिनियन फिरवत राहिली. अकराव्या की बाराव्या दात्याच्या बुडाशी थांबली आणि सुईच्या टोकावर काळा कण उचलून माझ्यापुढे धरला.

‘हा बघ. आणि ग्रीस कसलं लावतोस? जात्यात कुणी तेल ओततं का?’

स्पर गिअरचा आणखी एक डबा माझ्या खणात होता (हे बायकोला माहीत नाही). तो बसवला. दोन गिअरमध्ये कालनिर्णयच्या जुन्या पानाची पट्टी धरून मोटरचे स्क्रू आवळले आणि पट्टी फिरवत बाहेर काढली. घड्या पडाव्यात पण कागद फाटू नये, एवढीच जागा दात्यांत हवी. घड्या पडल्या, कागद फाटला नाही. बाटलीचं कव्हर पुन्हा लावलं, यावेळी फक्त गिअरवर. अंधार पडेपर्यंत गाडी ढिगावरून उडत राहिली आणि पोटातून शिट्टीसारखा सरळ सूर येत राहिला.

रात्री वरणभात होता. तूप, लिंबू, आंबेमोहोर. पहिल्याच घासाला ‘कट्ट’ असा आवाज झाला, सगळ्यांना ऐकू जाईल एवढा. मी हात थांबवला आणि जिभेने उजवीकडची दाढ चाचपून पाहिली. तांदूळ कुणी निवडला होता, हे आई बोलली नाही.

मुलाने ताटातली मान वर न करता विचारलं, ‘पिनियन की स्पर?’