उलटा ढाळ

पहाटे पाच-चाळीसला आमच्या मजल्यावर तीन गोष्टी होतात. दुधाच्या पिशव्या दारांना लटकतात, खाली पाण्याचा पंप सुरू होतो आणि मी खाकरतो. दूधवाला पाडव्याला दांडी मारतो, पंप महिन्यातून एकदा तरी जळतो. मी मात्र सव्वीस वर्षांत, गावाला गेलेले दिवस सोडले तर, एकही सुट्टी घेतलेली नाही. समोरच्या काकू परवा लिफ्टमध्ये म्हणाल्या, "मे महिन्यात तुम्ही आठ दिवस गावाला होतात ना, आमच्या ह्यांची दोनदा डेक्कन क्वीन चुकली." ही तक्रार होती की आपुलकी, ते तिसरा मजला आला तरी कळलं नाही.

खाकरणं हा शब्द तसा तोकडाच आहे. नाकाच्या मागून घशाच्या भिंतीवर काहीतरी सावकाश ओघळत असतं. गिळावं तर जात नाही, थुंकावं तर येत नाही. पडजिभेच्या मागे पागडीचा भाडेकरू बसावा तसं ते बसतं. मी आधी 'अंहं' अशी साधी नोटीस देतो, मग 'ख्र्र' अशी रजिस्टर्ड, आणि शेवटी सगळी ताकद लावून जप्तीचा हुकूम काढतो. भाडेकरू दोन मिनिटं बाहेर जाऊन परत येतो. डॉक्टर ह्याला पोस्ट नेझल ड्रिप म्हणतात. आपल्याकडे ठिबकवर केळी घेतात, डाळिंबं घेतात, सरकार अनुदानसुद्धा देतं. माझ्या घशातल्या ठिबकावर आजवर काही उगवलेलं नाही आणि अनुदानाचंही कोणी विचारलेलं नाही.

"डॉक्टर, मला सायनस आहे," असं मी पहिल्यांदा कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना सांगितलं तेव्हा ते शांतपणे म्हणाले, "मलाही आहेत. चार जोड्या." दोन कपाळात, दोन गालांत, डोळ्यांच्या मधे मधमाशीच्या पोळ्यासारख्या बारीक कप्प्यांची एक जोडी आणि एक पार मागे, कवटीच्या तळाशी. ह्या हाडांमधल्या पोकळ्या म्हणजे सायनस. ते सगळ्यांनाच असतात. मला होता तो सायनसायटिस. आयुष्य दोन खोल्यांत काढलेल्या माणसाला आपल्या डोक्यातच आठ खोल्या आहेत हे ऐकून क्षणभर बरं वाटलं. पण स्कॅन आल्यावर कळलं की मोकळ्या खोल्या काळ्या दिसतात, आणि माझ्या गालांतल्या दोन्ही करड्या होत्या. म्हणजे भाडेकरू तिथेही होताच.

"इथून निचरा व्हायला पाहिजे," डॉक्टरांनी पेनाचं टोक पडद्यावर टेकवलं. ते गालाच्या पोकळीच्या जवळजवळ छतापाशी होतं.

"पण हे तर वर आहे."

"वरच असतं. आतले बारीक केस सगळा कफ खालून वर ढकलत नेतात. सूज आली की तोंड मिटतं, आणि मग साठतं."

योगायोग असा, की त्याच आठवड्यात आमच्या न्हाणीघरात पाणी तुंबत होतं म्हणून प्लंबर आला होता. त्याने मगभर पाणी फरशीवर ओतलं, ते जाळीकडे पाठ फिरवून दाराकडे निघालं, तसा तो उकिडवा बसूनच म्हणाला, "सायेब, ढाळ उलटा हाय. कुनी केलं व्हतं हे काम?" प्लंबर जमातीचा हा सनातन प्रश्न आहे. प्रत्येक प्लंबरला आधीच्या प्लंबरचं नाव हवं असतं. माझ्या गालांच्या बाबतीत डॉक्टरांनी तो विचारला नाही, एवढाच फरक. आपले पूर्वज चार पायांवर मान खाली घालून चालायचे तेव्हा हीच तोंडं उताराला असत, आपण उभे राहिलो आणि ढाळ फिरला, असं एक स्पष्टीकरण त्यांनी दिलं. प्लंबर म्हणाला, "फोडायला लागंल." डॉक्टर म्हणाले, "दुर्बिणीतून तोंड मोठं करून घेऊ." एस्टिमेट दोघांनीही दिलं. न्हाणीघर फोडून झालं. नाकाचं अजून बघू-बघू चाललंय.

ह्या सगळ्यात एक माहिती मात्र मला उगाच कळली असं वाटतं. धडधाकट माणसाच्या नाका-सायनसमध्येसुद्धा रोज साधारण लिटरभर पातळ शेंबूड तयार होतो आणि तो त्याच्याही नकळत गिळत असतो. आमच्याकडे दूध तेवढंच येतं. तेव्हापासून एखादा रुबाबदार माणूस भाषण करताना मधेच आवंढा गिळतो, तेव्हा माझं भाषणातलं लक्ष उडतं.

उपाय सांगणाऱ्यांबद्दल काय लिहू? पुण्यात पत्ता विचारला तर माणूस वर न बघता हात करतो, पण सर्दीवरचा उपाय विचारला नाही तरी थांबून सांगतो. ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून हुंगली. सुंठ-वेखंडाचा लेप कपाळावर घेतला. तो वाळला की भुवया वर करता येत नाहीत आणि माणूस कशाचंच आश्चर्य न वाटणारा दिसतो. गवती चहा, तुळस, मिरी, आलं ह्यांचे काढे प्यायलो. निलगिरीच्या तेलाची वाफ घेतली, अणुतेलाचे थेंब सोडले. अमृतांजन १८९३ साली मुंबईत सुरू झालं. त्या कंपनीच्या इतिहासात माझ्या घराण्याचा वाटा कोणीतरी नोंदवायला हवा. गावातल्या एका हितचिंतकांनी सगळा दोष गाजर गवताला दिला. ते खोटंही नाही. त्याच्या परागांनी अनेकांची नाकं वाहतात, आणि देशात ह्या गवताची पहिली ठळक नोंद १९५५च्या सुमारास झाली ती आमच्या पुण्यातच. पहिलेपणाचा मान आम्ही ह्याही बाबतीत सोडला नाही.

पण जलनेतीची गोष्ट सविस्तर सांगायला हवी. उकळून कोमट केलेलं पाणी, त्यात बेताचं मीठ, आणि चोचीचं छोटं भांडं. बेसिनवर वाकायचं, मान तिरकी करायची, तोंडाने श्वास घ्यायचा आणि वरच्या नाकपुडीत चोच लावायची. पाणी एका नाकपुडीतून जातं आणि दुसरीतून येतं, असं शिकवणाऱ्या बाईंनी करूनही दाखवलं. त्यांच्या नाकातून अशी सरळ धार लागली की मला तुळशीवृंदावनावर धरलेली झारी आठवली. माझ्याकडे पाणी गेलं. अख्खं भांडं गेलं. आलं मात्र काहीच नाही.

"थांबा, येईल," बाई म्हणाल्या.

ते आलं सव्वाअकरा वाजता, बँकेत. एक आजोबा मुदत ठेवीची पावती घेऊन समोर बसले होते. मी सही करायला खाली वाकलो आणि कुठल्याही पूर्वसूचनेशिवाय डाव्या नाकपुडीतून अर्धी वाटी पाणी पावतीवर सांडलं. शाई पसरली. रक्कम दोन लाखांची होती ती काय आहे ते दिसेना. आजोबांनी आधी पावतीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि अतिशय हळू आवाजात विचारलं, "साहेब, व्याजदर एवढा उतरलाय का?"

नाकात टाकायच्या थेंबांचं प्रकरण थोडक्यात आटोपतो, कारण ते व्यसनाचं आहे. पहिल्या थेंबाला नाक असं उघडतं की माणसाला माथेरानला गेल्यासारखं वाटतं. बाटलीवर पाच दिवसांच्या वर वापरू नका असं लिहिलेलं असतं. मी दोन वर्षं वापरले. नंतर नंतर ह्या थेंबांनीच नाक चोंदतं आणि ते उघडायला पुन्हा तेच थेंब लागतात. सावकाराचं व्याज सावकाराकडूनच कर्ज काढून फेडावं तसं. बँकेतल्या माणसाला हे कळायला दोन वर्षं लागू नयेत. लागली.

रात्रीचा हिशोब वेगळाच असतो. मुळात नाकपुड्या पाळीने काम करतात. काही तास एक मोकळी आणि दुसरी थोडी भरलेली, मग अदलाबदल. आपल्या योग्यांना हे चंद्रनाडी-सूर्यनाडी म्हणून कधीचंच ठाऊक होतं. कायझर नावाच्या जर्मन डॉक्टरांनी ते १८९५ साली लिहून काढलं. म्हणजे एक काउंटर चालू, एक बंद, ही पद्धत निसर्गाचीच आहे. माझ्याकडे मात्र दोन्ही काउंटरवर 'शेजारी चौकशी करा' अशी पाटी असते. उजव्या कुशीवर वळलो की खालची बंद होऊन वरची डावी जरा किलकिली होते. तेवढ्यावर डोळा लागतो न लागतो तोच खांदा दुखतो, मी कूस बदलतो, आणि नाकातला सगळा कारभार घरंगळत एका बाजूचा दुसऱ्या बाजूला येतो. त्याचा प्रवास मला ऐकू येतो. हिचं म्हणणं, तिलाही येतो.

आता भाषेबद्दल. शाळेत गुरुजींनी ङ, ञ, ण, न, म ही पाच अनुनासिकं शिकवली होती. हवा नाकातून जाते म्हणून ती अनुनासिकं. मग नाक बंद असलेल्या माणसाने काय करायचं हे त्यांनी सांगितलं नाही. नाक चोंदलं की म चा ब होतो, न चा द आणि ण चा ड. लोक वर म्हणतात, "नाकात बोलतोय." अहो, नाकात बोलता येत नाही हेच तर दुखणं आहे! साहित्य महामंडळाने १९६२ साली न उच्चारले जाणारे अनुस्वार लेखनातून काढून टाकले. माझ्या नाकाने उच्चारले जाणारेही काढले.

ह्याने नात्यांमध्ये फार घोटाळे होतात. मी मामांना फोन करून "बाबा" म्हणतो. नानांना "दादा" म्हणतो, आणि सख्खा दादा शेजारीच बसलेला असतो. स्वतःची ओळख "बी पुड्याचा" अशी करून देतो. बँकेत एक नेने नावाचे खातेदार होते. नोव्हेंबरातली भर गर्दी, त्यांचं कर्जाचं काम झालेलं, आणि मी काचेआडून हात उंचावून हाक मारली, "देदे! ओ, देदे!"

नेने उभे राहिले. रांगेकडे पाहिलं, माझ्या पुढे केलेल्या हाताकडे पाहिलं आणि भर शाखेत म्हणाले, "असं उघड मागता?"

नाक म्हणजे अब्रू मानणाऱ्या भाषेत मी जन्मलो आणि माझी अब्रू त्या दिवशीही, नेहमीप्रमाणे, रुमालात होती.

वास तर गेल्याला बरीच वर्षं झाली. दूध करपून पातेलं काळं झालं तरी मी शेजारी उभा राहून पेपर वाचू शकतो. अत्तर, फिनेल, पहिला पाऊस, सगळं मला सारखंच. त्यात पथ्य. दही नको, केळं नको, आइस्क्रीम नको, तळकट नको, आंबट नको. घरच्यांनी हे पथ्य माझ्यासाठी मनापासून स्वीकारलं. "बाबा खात नाही तर आम्हालाही नको," लेक म्हणाली, तेव्हा माझा घसा भरून आला. तो भरलेलाच असतो, पण त्या दिवशी भावनेने.

परवा ऑपरेशनचं बोलताना डॉक्टरांनी विचारलं, "घरात आधी कोणाला त्रास होता?" मी सवयीने "दाही" म्हणालो, आणि परत येताना रिक्षात एकदम आजोबा आठवले.

वाईच्या आमच्या घरात आजोबा फाटकाशी आले की खाकरायचे. त्या एका आवाजाने घर ताठ व्हायचं. माजघरातल्या सुना पदर डोक्यावर घ्यायच्या, ओसरीवरचा आमचा कॅरम थांबायचा, कुत्रंसुद्धा उठून बसायचं. ह्याला दरारा म्हणतात, असं मी लहानपणापासून मनाशी धरलं होतं. आपण मोठे झालो की असंच खाकरायचं, ही माझी पहिली महत्त्वाकांक्षा. आणि आता रिक्षात, खड्ड्याखड्ड्याला गालातलं पाणी हिंदकळत असताना, मला साक्षात्कार झाला: आजोबांना सायनस होता! तीस वर्षं त्या घराने पदर घेतला तो पोस्ट नेझल ड्रिपसाठी!

मी लगेच आत्याला फोन लावला. ती आता शहाऐंशीची आहे, कान शाबूत.

"अगं आत्या, आजोबांचा तो दरारा..."

"दरारा कसला डोंबलाचा!" आत्या म्हणाली. "सदा घसा भरलेला असायचा त्यांचा. आम्हाला बरंच होतं ते. वहिन्या आणि मी दुपारभर मेंढीकोट खेळायचो. फाटकाशी ह्यांनी खाकरलं की पत्ते तांदळाच्या डब्यात, कैरीच्या फोडी पदराखाली. ते पायऱ्या चढून येईपर्यंत आम्ही गहू निवडत बसलेल्या. मांजराच्या गळ्यात घंटा बांधायची कशी म्हणतात, आमच्याकडे मांजरानेच गिळली होती ती."

"आणि त्यांना कधी कळलं नाही?"

"कैरीचा वास तरी यायला हवा होता की रे. पण नाक कुठं होतं त्यांना?"

फोन ठेवला तोवर सोसायटी आली होती. जिना चढताना नेहमीच्या जागी, दुसऱ्या मजल्याच्या वळणावर, घशात ठिबक पडलं आणि मी खाकरलो. वरून, आमच्या घरातून, एक खण धाडकन बंद झाल्याचा आवाज आला. मग फ्रीजचं दार. मग भरभर पावलं. मग शांतता.

मी बेल वाजवली. दार उघडायला नेहमीपेक्षा किंचित उशीर झाला. आत सगळं जिथल्या तिथे होतं. लेक पुस्तक उघडून बसली होती आणि ही मेथी निवडत होती. लेकीच्या ओठाच्या कोपऱ्यात पांढरं काहीतरी होतं, ते तिने माझ्या देखत जिभेने पुसलं. टेबलावर एक चमचा होता, एकच.

"काय म्हणाले डॉक्टर? ऑपरेशन करायलाच पाहिजे का?" हिने विचारलं. मग मान खाली घालून, मेथीची एक काडी फार काळजीपूर्वक खुडत म्हणाली, "घाई नका करू हो. आम्हाला काही त्रास नाही तुमच्या खाकरण्याचा."

मी स्वयंपाकघराच्या दारात उभा राहिलो आणि एक लांब श्वास घेतला. म्हणजे घ्यायचा प्रयत्न केला.

"कसला वास येतोय का?" लेकीने पुस्तकातून डोकं वर न काढता विचारलं.

"दाही," बी म्हणालो.