जाब कोण देणार?

भिवंडीत बाप बारा तासांच्या पाळीला यंत्रमागावर, आई गोदामात. शाळा व्यवस्थापन समितीची बैठक भर दुपारी. यायचं कोणी?

२००९च्या शिक्षण हक्क कायद्यानुसार या समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक हवेत आणि एकूण निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा करायचा, अनुदानाच्या खर्चावर नजर ठेवायची, हा त्यांचा हक्क. बैठकीलाच येता येत नसेल, तर त्या हक्काची नुसती सही उरते.

शाळा सुधारायला सरकारकडे औषध एकच: नवं मूल्यमापन. ‘शाळासिद्धी’ घ्या. सात क्षेत्रं, ४६ मानकं, शेवटी श्रेणी. मध्य प्रदेशात अशीच पद्धत चिठ्ठ्या टाकून निवडलेल्या १,७७४ शाळांत राबवली गेली. अर्थतज्ज्ञ कार्तिक मुरलीधरन आणि अभिजित सिंग यांनी ती तपासली. तक्ते जवळपास सगळ्या शाळांनी भरले, श्रेण्याही खऱ्या निघाल्या. मुलांच्या शिकण्यात मात्र काडीचा फरक पडला नाही, कारण कुणालाच जाब द्यावा लागत नव्हता. तरीही ती यशस्वी मानली गेली आणि देशभरात सहा लाखांहून जास्त शाळांत पोचली. मुलांना काही मिळालं नाही हे दिसत असताना शिक्षकांचे तास तक्त्यांत घालवणं हा मुलांवर अन्याय आहे.

मग पैसे वाढवले की झालं? आंध्र प्रदेशात निवडक शाळांना साहित्यासाठी अनुदान दिलं. पहिल्या वर्षी ते अचानक आलं आणि गुण वाढले. दुसऱ्या वर्षी ते येणार हे पालकांना ठाऊक होतं. त्यांनी वह्या-पुस्तकांवरचा स्वतःचा खर्च कमी केला आणि नवी वाढ दिसली नाही. दोष पालकांचा नाही. हातावर पोट असलेलं घर वाचलेला रुपया दुसऱ्या गरजेला लावणारच. गळकं छप्पर पैशानेच दुरुस्त होतं, म्हणून अनुदान हवंच. पण वाचायला माणूसच शिकवतो.

उत्तर प्रदेशातल्या जौनपूर जिल्ह्यात गावागावांत तिथल्या गाव शिक्षण समितीचे हक्क समजावून सांगितले, शाळेत काही हललं नाही. त्याच जिल्ह्यात ‘प्रथम’ या संस्थेने गावातल्या तरुणांना वाचन शिकवण्याचं तंत्र दिलं, तेव्हा त्यांच्या वर्गाला आलेली मुलं वाचू लागली.

भिवंडीत शाळा मराठी असो, उर्दू असो वा तेलुगू, बैठक कारखान्याच्या सुटीच्या दिवशी घ्या. पहिला विषय एकच: कोणत्या वर्गातली किती मुलं आपल्या भाषेतला परिच्छेद वाचतात? आकडा वाढला नाही, तर पुढच्या बैठकीला शिक्षणाधिकाऱ्यांनी स्वतः यावं आणि पालकांना उत्तर द्यावं.