तिसरी गोष्ट बंडल होती हो!

अहो, काय दिवस आलेत! चांगल्या घरातली, शिकलीसवरलेली, सोसायटीचा मेंटेनन्स वेळेवर भरणारी माणसं राजरोस सांगतायत की काल रात्री आम्ही एक सिनेमा पाहिला, त्यातला निम्मा भिकार होता आणि पुढचा भाग आला की तोही पाहणार. सांगताना आवाज खाली नाही की मान खाली नाही. ‘पहिली बरी, दुसरी झकास, तिसरी बंडल, चौथीत डोळा लागला, पाचवीने पैसे वसूल’ असा पाढाच म्हणून दाखवतात. मग दुसरा उसळून म्हणतो, बंडल कशी, तिसरीच तर खरी होती! झाली सुरू भांडणं. सिनेमा दीड-दोन तासांचा, भांडण आठवडाभराचं.

मी बोलतेय ते स्वस्तातल्या भयकथापटांबद्दल. एका तिकिटात चार-पाच भुतं, बऱ्याचदा प्रत्येक भुताचा दिग्दर्शक वेगळा, आणि पैसे सगळ्यांना मिळून एका भुतालाही पुरणार नाहीत इतके.

सध्या सगळ्यात जास्त बोभाटा आहे तो अमेरिकेतल्या ‘व्ही/एच/एस’चा. 2012 साली सनडान्स महोत्सवात पहिला आला, 2013 आणि 2014 मध्ये आणखी दोन, मग थोडी वर्षं शांतता. आपण म्हटलं, सुधारले. कसले सुधारतायत! 2021पासून दर ऑक्टोबरला एक, न चुकता. पहिल्याचं कथानक ऐकाल तर कानावर हात ठेवाल. काही टगे एक कॅसेट चोरायला परक्या घरात शिरतात. आत टीव्हींच्या ढिगापुढे म्हातारा घरमालक मरून पडलेला. तुम्ही-आम्ही काय करू? चपला हातात घेऊन पळू. हे बसून कॅसेटी बघतात! एक संपली की दुसरी लावतात. प्रेत तिथेच.

त्यातली एक गोष्ट सबंध व्हिडिओ कॉलवर घडते. मुलगी इकडे, मित्र तिकडे, दोघं कॉम्प्युटरवर बोलतायत. आता हा कॉल व्हीएचएस कॅसेटवर कुणी उतरवून घेतला? कुठल्या मशीनवर? आणि एवढं करून ती कॅसेट म्हाताऱ्याच्या घरी पोचवायला कोण गेलं? विचारलं तर म्हणतात, तर्क बाजूला ठेवून बघायचं असतं. बरं बाई, ठेवला.

पण कबूल करावंच लागेल, पहिल्याच गोष्टीने माझी खोड मोडली. तीन उनाड पोरं एकाच्या चष्म्यात कॅमेरा लपवून बारमध्ये पोरी पटवायला जातात. एक टपोऱ्या डोळ्यांची मुलगी मागे लागते आणि ‘तू मला आवडतोस’ याशिवाय जवळजवळ काही बोलतच नाही. पुढे ती त्यांना जे शिकवते ते आई-बापांनी वेळेवर शिकवायला हवं होतं. यात डेव्हिड ब्रुकनर या दिग्दर्शकाची चलाखी बघा. कॅमेरा चष्म्यात, म्हणजे पोरगा घाबरून तोंड फिरवेल तिकडे आपणही फिरणार. राक्षसीण धड दाखवायला नको, दिवे लावायला नकोत, चित्र हललं तरी ते धाडसच ठरतं. तंगी होती म्हणून कॅमेरा पात्राच्या नाकावर बसला, आणि तिथून हलता येईना म्हणून आपणही हलेनासे झालो. दुसऱ्या भागात तर सायकलस्वाराच्या हेल्मेटवर कॅमेरा. त्याला चावा बसतो, तो मरतो, झोंबी होऊन उठतो आणि माणसं खायला लागतो; कॅमेरा आपला चालूच. आणखी एका गोष्टीत कुत्र्याला कॅमेरा बांधलाय. मुक्या जनावराकडून छायाचित्रण करून घेतात म्हणजे कमाल झाली!

हे चाळे आजचे नाहीत, बरं का. 1965 साली इंग्लंडमध्ये मिल्टन सबॉट्स्की आणि मॅक्स रोझेनबर्ग या दोन अमेरिकन गृहस्थांच्या अमिकस कंपनीने ‘डॉक्टर टेरर्स हाऊस ऑफ हॉरर्स’ काढला. आगगाडीच्या डब्यात पीटर कुशिंग पत्ते काढून पाच प्रवाशांचं भविष्य सांगतो, प्रत्येकाची एक गोष्ट. यामागचा हिशेब कुठल्याही वाण्याला पटेल असा. मोठा नट पूर्ण सिनेमाला घ्यायचा तर परवडत नाही. एका गोष्टीपुरता घेतला की थोड्या दिवसांत मोकळा, आणि पोस्टरवर नाव तेवढंच ठळक. क्रिस्टोफर ली एका गोष्टीत चढेल कलासमीक्षक आहे आणि एक तुटका हात त्याचा पाठलाग करतो. भुताचं अंगच नको, हातावर भागलं! पुढे 1971 साली त्यांनी ‘द हाऊस दॅट ड्रिप्ड ब्लड’ काढला. नाव ऐकून लोक रक्ताच्या पाटांच्या तयारीने गेले असतील. सिनेमात रक्त शोधायला भिंग लागतं. नावातच खर्च करून टाकला होता.

या कंपनीच्या सिनेमांचा शेवट मात्र बहुतेक एकच: गोष्टी सांगणारे, ऐकणारे सगळे आधीच मेलेले. आगगाडीवाल्या पहिल्या सिनेमात मेलेले, 1972च्या ‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’मध्ये मेलेले, पुढच्या वर्षीच्या ‘व्हॉल्ट ऑफ हॉरर’मध्येही मेलेले. एकदा धक्का बसतो, दुसऱ्यांदा संशय येतो, तिसऱ्यांदा माणूस जांभई देत नाडी बघायला सांगतो.

‘टेल्स फ्रॉम द क्रिप्ट’वर मात्र मी एक अवाक्षर ऐकून घेणार नाही. त्यात पीटर कुशिंग एक म्हातारा विधुर कचरेवाला झालाय. कुत्री पाळतो, गल्लीतल्या मुलांना खेळणी दुरुस्त करून देतो, वारलेल्या बायकोशी बोलतो. समोरच्या श्रीमंत बाप-लेकांना त्याचं कळकट घर डोळ्यांत खुपतं. मग कुत्र्यांची तक्रार, नोकरी घालवणं, मुलांच्या आयांचे कान भरणं, आणि शेवटी व्हॅलेंटाइनच्या दिवशी सगळ्या शेजाऱ्यांच्या नावाने घाणेरड्या यमकांची कार्डं. म्हातारा गळफास घेतो. वर्षाने थडग्यातून उठून येतो तो भाग आपला नेहमीचा. भीती त्याच्या आधी वाटून गेलेली असते. कुशिंगची स्वतःची बायको 1971च्या जानेवारीत गेली होती. तो त्या खोलीत तसबिरीशी बोलताना अभिनय कुठे संपतो ते मला तरी दिसत नाही. आणि हे सगळं वीसेक मिनिटांत. हीच गोष्ट दोन तास ताणली असती तर मधे एक वकील, एक प्रेमप्रकरण आणि एक देवभोळी शेजारीण आली असती, आणि म्हातारा कुठल्या कुठे गेला असता. गोष्ट छोटी असली की तिला एकच दुखणं पुरतं. आपल्याकडे नारायण धारपांनी आणि रत्नाकर मतकरींनी हे दिवाळी अंकांच्या पानांत करून दाखवलंच आहे, तिथे तर एक तुटका हातसुद्धा लागला नाही.

आता खरी लाजिरवाणी गोष्ट. 2012 सालीच ‘द एबीसीज ऑफ डेथ’ नावाचं प्रकरण झालं. सव्वीस अक्षरं, सव्वीस गोष्टी, प्रत्येक अक्षरावर एक मरण. दर गोष्टीला पाच हजार डॉलर, म्हणजे तेव्हाच्या भावाने अडीच लाखांच्या आसपास. आपल्याकडे एवढ्यात साधा साखरपुडा होत नाही. देशोदेशीचे दिग्दर्शक, हवं ते करा अशी मोकळीक, कुणी ओरडायला नाही. एवढं स्वातंत्र्य मिळाल्यावर या कलावंतांनी काय करावं? संडासात जावं! टी म्हणजे टॉयलेट. के अक्षराची गोष्ट, संडासात. एम अक्षराची, तीही तिथेच. एफ अक्षराचं जपानी दिग्दर्शकाने काय केलं ते मी संसारी बाई असल्याने सांगणार नाही, वाऱ्यावरून ओळखा. एकमेकांना न विचारता सगळे एकाच दाराशी रांगेत उभे! त्यातली ‘डॉगफाइट’ मात्र, एक माणूस आणि एक कुत्रा झुंजीच्या रिंगणात समोरासमोर, सगळं संथ गतीत, अशी उतरली की सव्वीसांपैकी ती एकच नीट आठवते. उरलेल्या पंचवीसांचं काय? अमेरिकेतल्या एका शाळेत बदली शिक्षिकेने हा सिनेमा भर वर्गात लावला, प्रकरण कोर्टात गेलं आणि तुरुंगवासाची शिक्षा झाली. पोरं काय शिकली कोण जाणे. मुळाक्षरं तरी पक्की झाली असतील.

आपण नाकं मुरडायचं कारण नाही. 2003 साली मुंबईत रामगोपाल वर्माच्या कंपनीने ‘डरना मना है’ काढलाच की, प्रवाल रामनच्या दिग्दर्शनाखाली. जंगलात अडकलेले मित्र, रात्र, सहा गोष्टी. एका हॉटेलचा मालक बोमन इराणी सिगारेटच्या इतका विरोधात की पाहुण्यांची ती सवय कायमची सुटावी म्हणून त्यांना कायमचंच सोडवतो. हे पाहून आमच्या ओळखीतल्या दोघांनी महाबळेश्वरचं बुकिंग रद्द केलं, सिगारेट नाही. दुसऱ्या गोष्टीत राजपाल यादव बाजारात कवडीमोल भावाने सफरचंदं विकतो. घासाघीस नको, काही नको. शिल्पा शेट्टीला संशय येतो, आणि आलाच पाहिजे. फळवाला आपणहून भाव पाडतो हे भूतबाधेचंच लक्षण. सगळे खातात. खाणारे सफरचंदं होऊन बसतात. झाला स्पेशल इफेक्ट! फळ जमिनीवर ठेवायचं आणि कॅमेरा लावायचा. हसू येतं, आणि दुसऱ्या दिवशी फ्रिज उघडताना हात थबकतोही. त्याच सिनेमातल्या बाकीच्या काही गोष्टी मला आज विचाराल तर आठवत नाहीत. पण देवगडच्या पेटीत खालच्या थरात चार डागी निघाले म्हणून कुणी आंबे खायचं सोडतं का? पेटी उघडताना अमुक चार वाईटच निघणार हे गृहीत धरूनच आपण नाक पुढे करतो.

डागी आंबे मी माफ करते. माफ होत नाही तो जोडदोरा. या पाच गोष्टी एकत्र का आल्या याचं कारण म्हणून जी सहावी गोष्ट चिकटवतात ना, ती. गाडी बंद पडली, रात्र झाली, एक म्हातारा भेटला, चला गोष्टी सांगू. सगळ्यात कमी दिवस तिला, सगळ्यात कमी अक्कल तिला, आणि दर वीस मिनिटांनी मधे तोंड घालायचा मान मात्र तिलाच. अपवाद एकच सांगते, 1945चा ब्रिटिश ‘डेड ऑफ नाइट’. एक वास्तुविशारद खेड्यातल्या घरी येतो आणि म्हणतो, तुम्हा सगळ्यांना मी स्वप्नात पाहिलंय. त्यातला मायकेल रेडग्रेव्हचा बोलका बाहुला जगभर गाजला, पण अंगावर येतो तो हा बाहेरचा धागा, कारण शेवटी तो आपल्याच सुरुवातीला जाऊन मिळतो. त्यातही एक गोल्फची विनोदी गोष्ट आहे. तिसरी नाही, चौथी, पण बंडलच.

अमेरिकेत लावताना त्यांनी ती गोल्फची गोष्ट कापली, आणि हात लागलाच आहे तर आणखी एक. हे या सिनेमांचं मोठं दुर्दैव: डबा सोडवून गाडी पुढे नेता येते. सत्यजित राय यांच्या 1961च्या ‘तीन कन्या’लाही सोडलं नाही, परदेशी प्रतीतून एक कन्या वगळली, आणि वगळली ती नेमकी भुताची, ‘मणिहारा’.

इटलीच्या मारिओ बाव्हाचं ऐका. 1963चा ‘ब्लॅक सॅबथ’, तीन गोष्टी. एकीत नर्स मेलेल्या बाईच्या बोटातली अंगठी काढते आणि मग घरभर नळ ठिबकायला लागतो. थेंबाच्या आवाजाला किती खर्च येतो सांगा! प्रेताचा मेणाचा चेहरा दिग्दर्शकाच्या वडिलांनीच घडवून दिला, घरचंच कार्य. शेवटी बोरिस कार्लोफ घोड्यावरून दौडत येतो आणि आपला निरोप घेतो. कॅमेरा मागे सरकतो, तर घोडा खोटा! स्टुडिओतली माणसं हातात झाडाच्या फांद्या धरून त्याच्याभोवती गोल गोल धावतायत, म्हणजे जंगल मागे पळतंय. एवढी उघड कबुली कुठल्या महागड्या सिनेमाने दिलीय? आणि अमेरिकी वितरकांनी नेमका तोच शेवट उडवला. घोडा लाकडी निघाला तर भुताची अब्रू जाईल, असं वाटलं असावं त्या भल्या माणसांना.